लाट कुठून आली?

मराठीत ऊन लागतं, नजर लागते, तशीच बोट लागते. म्हणजे दोष बोटीचा, आपण बिचारे. काही वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका पहाटे मिरकरवाडा बंदरातून सुटलेल्या मच्छीमार बोटीवर मला ती अशी लागली, की लाटांविषयी जे काही वाचून गेलो होतो ते अर्ध्या तासात पाण्यात गेलं. मी फळीवर बसून दोन पायांमधल्या दोरखंडाकडे बघत होतो. तांडेल साठीच्या पुढचा. सुकाणू न सोडता म्हणाला, "मास्तर, खाली बघू नका. लांब बघा, पाणी आभाळाला टेकतंय तिथं."

लांब बघितल्यावर पोट थोडं ताळ्यावर आलं. मन दुसरीकडे न्यावं म्हणून मी विचारलं, की लाट कुठून येतेय हे तुम्हाला कसं कळतं? त्याने आधी उजवीकडे, वायव्येला हात केला. "ही आखूड, ती तिकडनं." मग हात डावीकडे नैर्ऋत्येला नेला. "आणि हिच्या खालून एक लांब येते, ती ह्या अंगानं." वारा मात्र पाठीमागून, जमिनीवरून येत होता, पहाटेचा मतलई. म्हणजे वारा एकीकडून आणि लाटा दुसऱ्याच दोन दिशांनी. वायव्येची लाट मला जेमतेम दिसत होती, नैर्ऋत्येची अजिबात नाही.

"दिसते कुठे?"

"दिसत नाय. बसल्या जागी कळते."

भौतिकशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला असं उत्तर मिळालं की ते कुसळासारखं रुतून बसतं. बसल्या जागी कळतं म्हणजे नेमकं काय कळतं? जो स्वतःच पाण्याबरोबर हलतो आहे, त्याला पाण्याच्या हलण्याची दिशा कशी समजावी? पुढे वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं, की गेल्या शतकातल्या काही फार चांगल्या डोक्यांनी याच प्रश्नापायी बरीच वर्षं घालवली आहेत.

प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. लाटेची उंची बातमीत येते, दिशा सहसा येत नाही. पण किनाऱ्याचं नशीब बऱ्याच अंशी दिशेवर ठरतं. लाट किनाऱ्यावर सरळ समोरून आली तर ती वाळू पुढेमागे करते. तिरकी आली तर वाळूला किनाऱ्यालगत ढकलत नेते. पश्चिमेकडे तोंड असलेल्या आपल्या किनाऱ्यावर वायव्येची लाट वाळू दक्षिणेला नेते आणि नैर्ऋत्येची उत्तरेला. आता जिथे मोठ्या लाटा जवळजवळ समोरूनच येतात, तिथे दिशेच्या मोजणीत पाच अंशांची चूक झाली तर वाळू किती जाते एवढ्यापुरतंच उत्तर चुकत नाही; ती कुठे जाते हेच उलटं निघू शकतं. अशा उलट्या उत्तरावर कुणी धूपप्रतिबंधक बंधारा बांधला, तर एका वाडीचा किनारा वाचतो आणि शेजारच्या वाडीची सुरूची झाडं मुळं उघडी पडून कोसळतात. खाडीच्या मुखाशी साचणाऱ्या गाळाचंही तेच. कोकणात बंधाऱ्यांवरून होणारी भांडणं मी ऐकली आहेत. त्यांत दगड किती टनांचे यावर तासन्‌तास बोलणं होतं, लाट कुठून येते यावर जवळजवळ नाही.

तर लाटेत पाणी कसं हलतं इथून सुरुवात करू. लाट पुढे जाते, पाणी जात नाही, हे आपण शाळेत शिकतो. पाणी नुसतं वरखाली होतं, हे त्याच्याबरोबर शिकतो आणि ते मात्र अर्धवट आहे. खोल समुद्रात पृष्ठभागावरचा पाण्याचा थेंब वर्तुळात फिरतो. लाटेचा माथा त्याच्या जागी आला की तो लाट जाते आहे त्या दिशेने सरकतो, दोन लाटांमधली घळ आली की उलट दिशेने. या वर्तुळाचा व्यास लाटेच्या उंचीइतका असतो. खाली जावं तसं वर्तुळ लहान होत जातं आणि लाटेच्या निम्म्या लांबीइतक्या खोलीवर ते वरच्या वर्तुळाच्या चार-पाच टक्के एवढंच उरतं.

दिशेची किल्ली याच वर्तुळात आहे. पाण्यावर तरंगणाऱ्या नारळाला माथ्यावर असताना आपण ईशान्येकडे सरकताना पाहिलं, तर लाट ईशान्येकडे चालली आहे, म्हणजेच नैर्ऋत्येकडून आली आहे. (लाटेची दिशा वाऱ्यासारखी, ती येते कुठून यावरून सांगतात.) इथे वरखाली होणं आणि आडवं सरकणं या दोन्ही गोष्टी एकदम लागतात. नुसतं आडवं सरकणं मोजलं तर नारळ नैर्ऋत्य-ईशान्य रेषेत झुलतो आहे एवढंच कळेल. लाट या रेषेच्या कुठल्या टोकाकडून आली ते कळणार नाही. माथा कधी आला हे ठाऊक असेल तरच ते फुटतं. म्हणून दिशा मोजणाऱ्याला तीन आकडे एकाच वेळी हवेत: वर-खाली किती, पूर्व-पश्चिम किती, उत्तर-दक्षिण किती. तीन आकडे आणि एक घड्याळ. ऐकायला किती सोपं आहे.

आता तो नारळ म्हणजे आपण आहोत असं समजा आणि डोळे मिटा.

आपल्या प्रत्येक कानाच्या आत, ऐकण्याच्या यंत्रणेला लागूनच, तोल सांभाळणारी दुसरी यंत्रणा आहे. तीत चुनखडीचे सूक्ष्म स्फटिक चिकट पडद्यावर बसलेले असतात. शरीराला धक्का बसला किंवा डोकं कललं की ते सरकतात. शिवाय तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, एकमेकींना काटकोनात; डोकं वळलं की त्यांतला द्रव मागे राहतो आणि वळणं कळतं. यंत्रांच्या भाषेत बोलायचं तर खडे हे त्वरणमापक आणि नलिका हे घूर्णदर्शक, म्हणजे जायरोस्कोप. लाटा मोजणाऱ्या तरंगत्या गोळ्यात आज जे भरतात, ते निसर्गाने फार पूर्वीच कानात भरून ठेवलं आहे. आणि दोघांची दुखणीही सारखी आहेत.

दुखणं असं. त्वरणमापकाला गुरुत्वाकर्षण आणि धक्का यांतला फरक कळत नाही. बस सुटताना आपण मागे ढकललो जातो आणि चढावर उभ्या असलेल्या बसमध्येही मागे रेलतो. डोळे मिटलेले असतील तर खड्यांना दोन्ही सारखंच. समुद्रावर हा घोटाळा शिगेला पोचतो. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याला ब्रुनेलने 'ग्रेट ईस्टर्न' या अजस्र जहाजाच्या डोलण्याचा अभ्यास करायला सांगितलं होतं. १८६१ मध्ये जहाजांच्या डोलण्यावर त्याने जो निबंध वाचला, त्यात एक मोठी मजेदार गोष्ट आहे. लाटेवर एक छोटा तराफा सोडा आणि त्यावर काठी उभी करून तिला ओळंबा टांगा. तराफा लाटेच्या उतारावर कलेल. गवंड्याच्या हिशेबाने ओळंबा तर पृथ्वीच्या मध्याकडेच रोखलेला राहायला हवा, म्हणजे काठी आणि दोरी यांत कोन पडायला हवा. तो पडत नाही. ओळंबा तराफ्याबरोबरच कलतो, फळीला काटकोनातच राहतो.

कारण तराफा नुसता कलत नाही, तो वर्तुळात फिरतोही आहे. त्या फिरण्याचा धक्का आणि गुरुत्वाकर्षण यांची बेरीज दर क्षणी पाण्याच्या पृष्ठभागाला काटकोनातच येते. यायलाच हवी. ती तशी नसती तर पृष्ठभागावरचं पाणी उतारावरून घसरलं असतं आणि तो पृष्ठभाग तसा राहिलाच नसता. म्हणजे लाटेच्या उतारावर बसलेल्या माणसाला ओळंबा छातीठोकपणे सांगतो, की तू सपाट जमिनीवर आहेस. त्या तराफ्यावर चहाचा पेला ठेवला तर तोही हिंदकळणार नाही. मी वर्गात हे सांगायचो तेव्हा मुलांचा विश्वास बसत नसे; त्यांचं चुकत नव्हतं, माझाही पहिल्या वाचनात बसला नव्हता.

मला बोट का लागली याचा उलगडा इथे अर्धा होतो. खडे म्हणतात, सगळं सरळ आहे, फक्त वजन कमीजास्त होतंय. नलिका म्हणतात, आपण डोलतोय. डोळे फळीवर खिळलेले, ते म्हणतात, फळी तर जागच्या जागी आहे. तीन साक्षीदार, तीन जबान्या, आणि निकाल पोटात. क्षितिजाकडे बघितलं की डोळ्यांना एक न हलणारी रेघ मिळते आणि निदान दोन साक्षी जुळतात. तांडेलाने मला दिलेला सल्ला आणि लाटमापकाच्या रचनेतलं मुख्य तत्त्व एकच आहे: कुठेतरी एक न कलणारी रेघ पाहिजे.

ही रेघ यंत्राच्या पोटात कशी आणायची? त्याआधी जे लोक या भानगडीत पडलेच नाहीत त्यांच्याविषयी थोडं सांगायला हवं, कारण त्यांची गोष्ट विलक्षण आहे.

दुसऱ्या महायुद्धात किनाऱ्यांवर सैन्य उतरवायचं तर लाटांचा अंदाज हवा होता. १९४४ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या टेडिंग्टन इथल्या प्रयोगशाळेत एक लहानसा गट बसवला गेला. त्याचं नाव 'ग्रुप डब्ल्यू', डब्ल्यू म्हणजे वेव्ह्‌ज. त्यात नॉर्मन बार्बर होता आणि जर्मनीतून लहानपणी आश्रयाला आलेला फ्रिट्झ उर्सेल हा तरुण गणिती होता. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर समुद्रतळाशी दाबमापक ठेवून त्यांनी लाटांच्या नोंदी घेतल्या. नोंद म्हणजे काळ्यापांढऱ्या आलेखाची कागदी पट्टी. ती एका मोठ्या चाकाच्या कडेवर गुंडाळायची, चाक जोरात फिरवून सोडून द्यायचं आणि ते हळूहळू मंदावत असताना प्रकाशाच्या डोळ्याने पट्टी वाचायची. चाकाच्या प्रत्येक वेगाला पट्टीतली एकेका आवर्तनकाळाची लाट 'बोलून' उठे. संगणक नसतानाच्या काळात गुंतागुंतीच्या समुद्रातून सुट्या लाटा निवडण्याची ही युक्ती.

त्यांना दिसलं ते असं: लांब लाटा आधी येतात, आखूड मागून. खोल समुद्रात लाटेचा वेग तिच्या आवर्तनकाळावर ठरतो. दर १० सेकंदांनी येणारी लाट सेकंदाला १५.६ मीटर धावते आणि १५६ मीटर लांब असते. दर २० सेकंदांनी येणारी दुप्पट वेगाने धावते आणि ६२४ मीटर लांब असते. मात्र लाटांचा सगळा जथा, म्हणजे त्यांची ऊर्जा, याच्या निम्म्या वेगानेच पुढे सरकते. वादळातून सगळ्या एकदम निघतात, पण शर्यत लांबली तशी त्यांच्यातली फट वाढते. पहिली आणि नंतरची लाट यांच्या येण्यातल्या अंतरावरून शर्यत कुठून सुटली ते काढता येतं. वीज आणि गडगडाट यांतले सेकंद मोजून आपण वीज किती लांब पडली ते सांगतो, तसंच. १९४८ साली बार्बर आणि उर्सेल यांनी छापलेल्या निबंधात थेट केप हॉर्नजवळच्या वादळातून इंग्लंडला पोचलेल्या लाटांचा माग आहे.

पण अंतर कळलं तरी दिशा कुठे कळते? एकट्या दाबमापकाला ती कळत नाही. अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेचे वॉल्टर मंक आणि त्यांचे सहकारी १९५० च्या दशकात मेक्सिकोच्या ग्वादालूप बेटावर अशाच नोंदी घेत होते. लाटांच्या येण्यावरून वादळाचं अंतर निघालं सुमारे १५,००० किलोमीटर. नकाशावर तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर ते पॅसिफिकच्या बाहेर जातं! उगम थेट हिंदी महासागरात असणार, असं मंक म्हणाले. हे सिद्ध करायला दिशा हवी होती. म्हणून १९५९ मध्ये कॅलिफोर्नियाजवळच्या सान क्लेमेंटे बेटापाशी तीन दाबमापक त्रिकोणात मांडले गेले. लाट आधी कुठल्या मापकावर आली आणि मग कुठल्या, यावरून तिची दिशा काढायची. दोन्ही कानांत आवाज पोचण्याच्या सूक्ष्म फरकावरून हाक कुणीकडून आली ते आपल्याला कळतं, तोच हा मार्ग. उत्तर ठरलं: दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांच्या लाटा न्यूझीलंडला वळसा घालून कॅलिफोर्नियाच्या वाळूवर येऊन फुटत होत्या.

ही पद्धत बिनचूक, पण तिला किनारा लागतो, तळ लागतो, केबली लागतात. भर समुद्रात त्रिकोण कशावर मांडणार? १९६३ मध्ये न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत लाटांचा माग काढताना मंक यांनी वाटेतल्या एका ठिकाणी 'फ्लिप' नावाचं अजब जहाज उभं केलं: १०८ मीटर लांब, टाक्यांत पाणी भरलं की शेपटावर उभं राहणारं, आणि बहुतेक सगळं शरीर पाण्याखाली असल्यामुळे लाटांत जवळजवळ न हलणारं. हलणं टाळायला केवढा हा खटाटोप!

त्याच वर्षी इंग्लंडच्या लाँगेट-हिगिन्स, कार्टराइट आणि स्मिथ यांचा निबंध आला आणि त्याने उलटी वाट धरली. हलणं टाळूच नका, हलणंच मोजा. त्यांनी पाण्यावर एक सपाट गोल तरंगता मापक सोडला. तो किती वर उचलला जातो, पुढेमागे किती कलतो आणि डावीउजवीकडे किती कलतो, या तीन गोष्टी तो नोंदवत असे. फ्रूडच्या ओळंब्याचा चकवा टाळायला त्याच्या पोटात जायरोस्कोप होता. फिरता भोवरा आपला अक्ष सोडत नाही, म्हणून तोच क्षितिजाची रेघ. लाट ज्या बाजूने चढते आहे त्या बाजूचा उतार आणि वर उचललं जाणं यांचं नातं तपासलं की दिशा मिळते. एक बिंदू, तोही हलता, आणि त्याच्याकडून दिशा! तीन खुंट्यांच्या त्रिकोणाचं काम एका डुलणाऱ्या थाळीने केलं.

भोवरा वीज खातो आणि झिजतो. महिनोन्‌महिने समुद्रात राहायचं तर दुसरं काहीतरी हवं होतं. ते हॉलंडमधून आलं. १९५३ च्या महापुरात तिथे अठराशेहून अधिक माणसं गेली आणि त्यानंतर समुद्राला थोपवण्याची प्रचंड कामं सुरू झाली. लाटा मोजल्याशिवाय भिंतींची उंची ठरत नाही. १९६१ मध्ये हार्लेम इथे डेटावेल ही कंपनी निघाली. तिच्या पिवळ्या गोळ्यांना 'वेव्हरायडर' म्हणतात. त्यांच्या पोटात एक चकती द्रवात अशी तरंगत ठेवलेली असते, की ती कललीच तर सावकाश, पूर्ण झोका घ्यायला ४० सेकंद घेत. १० सेकंदांची लाट तिला हलवेपर्यंत निघूनही गेलेली असते. ४० सेकंदांचा साधा लंबक करायचा म्हटलं तर त्याची दोरी जवळपास ४०० मीटर लांब लागेल. तो जवळजवळ मीटरभर व्यासाच्या गोळ्यात बसवला, हे मला या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत देखणं काम वाटतं. १९८० च्या दशकात याच गोळ्यात आडवे त्वरणमापक आणि होकायंत्र घालून दिशाही मिळू लागली.

स्थिर चकतीचा एवढा अट्टाहास का, ते एका हिशेबात दिसतं. त्वरणमापकाकडून विस्थापन काढायचं तर दोनदा बेरीज करत जावी लागते. समजा, मापक एका अंशाच्या दहाव्या भागाइतका कायमचा कललेला आहे. गुरुत्वाकर्षणाचा एक कण त्याच्या आडव्या मोजणीत शिरेल. त्याची दोनदा बेरीज होता होता एका मिनिटात यंत्र म्हणेल, मी ३० मीटर सरकलोय. प्रत्यक्षात ते तिथेच असतं. म्हणून सुमारे ३० सेकंदांहून मंद असलेली हालचाल हिशेबातून गाळूनच टाकतात. समुद्राचं काही खरं बोलणंही त्याबरोबर गाळलं जातं, पण इलाज नाही.

होकायंत्राचीही एक गोम आहे. गोळ्याच्या आत बॅटऱ्या, बाहेर साखळी. चुंबकाची सुई बिथरायला एवढं पुरतं. आपल्याकडे हे दुखणं जुनं आहे. मुंबईच्या ट्राम विजेवर चालणार म्हटल्यावर कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलवली गेली आणि तिथली इमारत लोखंड टाळून बांधली. गोळ्याला अलिबाग नसतं. त्याला आपल्या पोटातल्या लोखंडासकटच उत्तर शोधावं लागतं.

चार सेकंदांत साधारण पाच वेळा तीन आकडे, असं अर्धा तास चाललं की प्रत्येक आकड्याच्या दोन हजारांहून अधिक नोंदी होतात. त्यांतून प्रत्येक आवर्तनकाळाची लाट वेगळी काढतात; चाकावरच्या पट्टीचं काम आता बोटाच्या पेराएवढी चकती करते. पण तीन हालचालींतून प्रत्येक आवर्तनकाळासाठी फक्त पाच स्वतंत्र संख्या मिळतात. एक ऊर्जा सांगते. उरलेल्या चारांतून सरासरी दिशा, त्या दिशेभोवतीचा पसारा आणि पसाऱ्याच्या आकाराबद्दल थोडंसं काही. बस्स. सगळ्या ३६० अंशांत ऊर्जा कशी वाटली गेली आहे, हे चार संख्यांतून पूर्णपणे सांगणं शक्य नाही. तरी नकाशे रंगवले जातात. त्यांतला बराच रंग गणिताने अंदाजाने भरलेला असतो आणि दोन पद्धतींनी भरलेले रंग जुळतातच असं नाही. मला यात लबाडी दिसत नाही, पण नकाशा बघणाऱ्याला हे कुणी सांगत नाही याचं वाईट वाटतं.

आता आमच्या बोटीकडे परत येतो. वायव्येची ती आखूड लाट, वारा नसताना आलेली, कुणाची होती? गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०११ मध्ये याचं उत्तर छापलं आहे. हिवाळ्यात अरबस्तानात आणि इराणच्या आखातावर 'शमाल' नावाचे वायव्य वारे सुटतात. अरबीत शमाल म्हणजे उत्तर. त्यांनी उठवलेल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पोचतात. ओमानच्या आखाताच्या तोंडापासून रत्नागिरी सुमारे सोळाशे किलोमीटर. आठ सेकंदांच्या लाटांचा जथा दिवसाला ५४० किलोमीटर सरकतो, म्हणजे तीन दिवस. नैर्ऋत्येची ती लांब लाट आणखी लांबची. दक्षिण महासागरात, पन्नासाव्या अक्षांशाच्या आसपास सुटलेली १८ सेकंदांची लाट साडेसात हजार किलोमीटर कापून सहा-सात दिवसांत कोकणात येते. केरळात हीच लाट मोठी झाली की निरभ्र आकाशाखाली, वारा पडलेला असताना, घरांत पाणी शिरतं. तिथले कोळी तिला 'कल्लक्कडल' म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. हैदराबादच्या 'इन्कॉइस' या संस्थेकडून आता तिचे इशारे मिळतात. २०२४ च्या मेच्या सुरुवातीला असा इशारा मुंबईपर्यंत आला होता.

म्हणजे तांडेलाच्या त्या दोन लाटांपैकी एक इराणच्या आखाताकडची, दुसरी जवळजवळ अंटार्क्टिकाच्या शेजारची. दोन्हींचे आवर्तनकाळ वेगळे, म्हणून चांगला मापक त्यांना वेगळं काढतो. पण किनाऱ्यावरचं काम करणाऱ्याच्या हाती पुष्कळदा एकच आकडा पडतो: सगळ्या समुद्राची मिळून सरासरी दिशा. अर्धी ऊर्जा वायव्येची, अर्धी नैर्ऋत्येची, सरासरी पश्चिम. आणि पश्चिमेकडून तर एकही लाट आलेली नसते.

मापक हलता असण्याचा आणखी एक घोळ आहे, बोट चालू असतानाचा. आठ नॉटने, म्हणजे सेकंदाला साधारण चार मीटरने जाणाऱ्या बोटीला समोरून येणारी १० सेकंदांची लाट आठ सेकंदांची वाटते. तीच पाठीमागून आली तर तेरा सेकंदांहून अधिक. दहा मीटर लांबीची, पाठीमागून येणारी चिमुकली लाट बोटीच्याच वेगाने धावते, म्हणून ती थिजल्यासारखी दिसते. तिच्याहूनही आखूड लाटांना बोट मागे टाकते आणि त्या समोरून येताहेत असा भास होतो. त्यामुळे चालत्या बोटीवरच्या यंत्राला एकाच आवर्तनकाळाच्या नोंदीमागे दोन-तीन वेगवेगळ्या लाटा लपलेल्या असू शकतात, दिशेसकट. मग बोट वेगवेगळ्या रोखांनी चालवून, किंवा थांबवून, मोजावं लागतं. गंमत म्हणजे नांगरलेल्या गोळ्यालाही यातून सुटका नाही, कारण त्याच्याजवळून प्रवाह वाहत असतो. मोकळा सोडलेला गोळा प्रवाहाबरोबर वाहत जातो आणि म्हणून या बाबतीत सर्वांत प्रामाणिक ठरतो. फक्त तो उद्या कुठे असेल ते सांगता येत नाही. तरंगणाऱ्याची एक खोडही सांगितली पाहिजे. माथ्यावर तो लाटेबरोबर पुढे जातो आणि तिथे जास्त वेळ रेंगाळतो, म्हणून टोकदार माथे त्याला गोलसर दिसतात. लाट फार उभी झाली तर हलका गोळा तिच्या शिखराला बगल देऊन निसटतोही.

गेल्या वीसेक वर्षांत उपग्रहांनी चकती, भोवरा आणि होकायंत्र यांना निवृत्त करायला सुरुवात केली आहे. जीपीएसच्या लहरींची वारंवारता किती बदलली यावरून गोळ्याचा वेग उत्तर, पूर्व आणि वर अशा तीन दिशांत थेट मिळतो, सेकंदाला काही सेंटिमीटरच्या आत. १० सेकंदांची मीटरभर उंचीची लाट पाण्याला सेकंदाला ३१ सेंटिमीटरपर्यंत वेग देते, म्हणजे मोजायला भरपूर. ओळंब्याचा चकवा नाही, लोखंडाची भीती नाही. क्षितिजाची न कलणारी रेघ आता वीस हजार किलोमीटर उंचीवर फिरते आहे. अँटेनावरून पाणी गेलं की मात्र ती काही क्षण तुटते, आणि पाणी अँटेनावरून जातं ते नेमकं मोठ्या लाटेच्या वेळी.

रत्नागिरीसमोरच्या समुद्रातही इन्कॉइसचा लाटमापक असतो. अशा गोळ्याखाली शेवाळ धरतं, शेवाळाला मासळी येते, मासळीला जाळी येते आणि जाळीत गोळा अडकतो. नांगर तुटून वाहून गेलेल्या गोळ्यांची हकिकत या देशाच्या सगळ्या किनाऱ्यांवर आहे. ज्यांच्यासाठी इशारा द्यायचा, त्यांच्याच दोरीत इशाऱ्याचं यंत्र गुंतावं, याला काय म्हणावं? तांडेलाला मी पिवळ्या गोळ्याबद्दल विचारलं तर तो म्हणाला, "असतो ना. आम्ही लांबनंच जातो." मग थोडं थांबून, "सगळेच जातात असं नाय."

परतताना इंजिन बंद करून बोट थोडा वेळ नुसती सोडली होती, तेव्हा मी वहीच्या पानावर दोन बाण काढून त्याला दाखवले, वायव्येचा आणि नैर्ऋत्येचा. मधोमध तिसरा काढला आणि सांगितलं, की यंत्राच्या एका आकड्यात दोघांचं मिळून हे असं येतं, पश्चिम. त्याने वही हातात घेतली, फिरवून बोटीच्या रोखाला जुळवली, तिसऱ्या बाणाच्या शेपटीकडच्या मोकळ्या पाण्याकडे बराच वेळ पाहिलं.

"इथनं कोण येतं, मास्तर?"